सुपर एतांदार १/७२ किट : विमान ठीक, क्षेपणास्त्रात मात्र माती खाल्ली

आधीच सांगतो, प्लास्टिकचं विमान जोडायच्या ह्या किटच्या कंपनीचं नाव घेणार नाहीये. एक तर हा मोल्ड जुना आहे आणि तोच माल डबा बदलून दोन-तीन नावांनी विकला जातो, आणि दुसरं म्हणजे ज्याच्याकडून मागवला तो दुकानदार माणूस म्हणून चांगलाय, उगाच त्याच्या पोटावर पाय नको. १/७२ स्केल, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं, फ्रेंच बनावटीचं लढाऊ विमान सुपर एतांदार, अर्जेंटिनाच्या नौदलाचं मार्किंग, डब्यावर मोठ्ठं फॉकलंड १९८२ लिहिलेलं आणि चित्रात विमान लाटांना घासत चाललंय. शोधलंत तर सापडेल. मला घरपोच दोन हजार सहाशेला पडला, घरात आकडा बाराशे सांगितलाय, तेव्हा हे वाचून कोणी आमच्याकडे बोलू नका.

आता खरी गोष्ट. मी हा किट विमानासाठी घेतलाच नव्हता. सुपर एतांदार दिसायला काही फार देखणं विमान नाही, मिराजसारखी ऐट नाही की जॅग्वारसारखा लंबूटांग रुबाब नाही. घेतला तो उजव्या पंखाखाली लटकणाऱ्या पासष्ट मिलिमीटरच्या तुकड्यासाठी. एक्झोसेट, जहाजं बुडवायचं फ्रेंच क्षेपणास्त्र. त्याचं विमानातून सोडायचं जे मॉडेल आहे ते एएम-३९, लांबी ४.६९ मीटर, वजन पावणेसातशे किलोच्या घरात, पुढे १६५ किलोचा स्फोटकाचा भाग. ४.६९ ला ७२ नं भागा, पासष्ट मिलिमीटर येतात. व्हर्नियर लावून मोजलं तर किटमधलं एकसष्ट भरलं. म्हणजे ज्या गोष्टीच्या नावावर डबा विकताय तीच चार मिलिमीटर खाल्लीत! विमान मात्र बरोब्बर आहे बरं का, १४.३१ मीटरचे १९९ मिलिमीटर व्हायला पाहिजेत, तेवढेच झालेत, पंखांचा विस्तारही १३३ च्या आसपास. मग क्षेपणास्त्राशीच काय वैर होतं कळत नाही.

डब्यात करड्या प्लास्टिकचे तीन स्प्रू (सुटे भाग ज्यात जोडून येतात त्या चौकटी), एक पारदर्शक, डेकल शीट (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा) आणि जोडणी दाखवणारा घडीचा कागद. प्लास्टिक जरा मऊ आहे, ब्लेडनं पटकन कापलं जातं पण पॉलिश पेपर मारताना केस उठल्यासारखं होतं, त्यामुळे पाण्याचा हजार नंबर वापरा, कोरडा घासू नका. पॅनल लाइन्स आत कोरलेल्या आहेत, काही ठिकाणी नाल्यासारख्या खोल, प्रायमर लावल्यावर निम्म्या भरतात तेव्हा चालून जातं. बॉडीचे दोन भाग पहिल्या ड्राय-फिटलाच, म्हणजे गोंद न लावता जुळवून बघतानाच, बसले, मला तर संशयच आला. हवा आत घ्यायची दोन्ही तोंडं मात्र बसत नाहीत, दीड मिलिमीटरची फट राहते, तिथं पुट्टी, मग घासा, मग परत पुट्टी, एक अख्खा रविवार त्यात गेला. कॉकपिट गरीब आहे, एक सीट, एक दांडी, समोर एक डेकल, झालं. कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, बंद ठेवणार असाल तर कोणाला काही दिसत नाही. ह्या विमानाच्या पंखांची टोकं जहाजावर ठेवताना वर दुमडतात, तो पर्याय दिला असता तर मजा आली असती पण नाही दिलेला.

बस्स, विमानाबद्दल एवढंच, आता त्या तुकड्याकडे.

एक्झोसेट दोन अर्ध्या भागांत आलंय, उभं चिरलेलं. सांधा बरोबर पंखांच्या मुळातून जातो त्यामुळे घासायला जागाच नाही. मधले चार पंख आणि शेपटीचे चार असे आठ पंख असतात, इथं चार त्या अर्ध्या भागांबरोबरच ओतलेत आणि उरलेले चार वेगळे चिकटवायचे, म्हणजे चार जाडे नि चार बारीक असं ध्यान होतं. मी सगळे कापून टाकले आणि शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्यातून नवीन कापले, आठ पंख आणि दोन संध्याकाळी. मधल्या भागात एक तुकडा घालून लांबीही वाढवली. हे सगळं एका पासष्ट मिलिमीटरच्या काडीसाठी का करतोय असं बायकोनं विचारलं तेव्हा मी जे पाऊण तास बोललो ते थोडक्यात इथं लिहितो, कारण किट घेताना हे माहिती असेल तर डब्याची किंमत वसूल होते, नाहीतर ते एक करडं विमान आहे.

१९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिना आणि ब्रिटनचं युद्ध सुरू झालं तेव्हा अर्जेंटिनाकडे असली क्षेपणास्त्रं होती फक्त पाच. ऑर्डर चौदा विमानांची होती, त्यातली पाच पोचली आणि मग फ्रान्सनं पुढचा माल थांबवला. त्या पाचातलं एक सुट्या भागांसाठी बाजूला ठेवलं, राहिली चार. चार विमानं, पाच क्षेपणास्त्रं, आणि समोर ब्रिटिश नौदलाचा अख्खा ताफा. ४ मे १९८२ ला सकाळी नेपच्यून नावाचं एक म्हातारं टेहळणी विमान आपल्या जुनाट रडारवर ब्रिटिश जहाजं पकडून बसलं होतं, त्यानं जागा कळवली आणि रिओ ग्रान्दे तळावरून बेदाकारात्झ आणि मायोरा हे दोघं पायलट एकेक एक्झोसेट घेऊन उडाले, वाटेत हर्क्युलस टँकर विमानाकडून हवेतच इंधन घेतलं, आणि मग खाली, पाण्याला चिकटून. पृथ्वी गोल आहे ह्याचा असा फायदा फार कमी लोकांनी घेतला असेल. जहाजाचं रडार सरळ रेषेत बघतं, क्षितिजाखालचं त्याला दिसत नाही, त्यामुळे खालून येणारं विमान शेवटपर्यंत लपलेलं राहतं. फक्त क्षणभर वर उसळी मारायची, आपलं रडार चालू करून निशाण बघायचं, की परत खाली. एवढ्या वेळापुरतेच तुम्ही उघडे. आणि गंमत बघा, ह्या हल्ल्यात जे ब्रिटिश शेफील्ड जहाज बुडालं ते टाइप ४२ जातीचं, आणि तसलीच दोन जहाजं अर्जेंटिनाकडेही होती, एक ब्रिटिशांनी बांधून विकलेलं आणि दुसरं त्यांच्याच आराखड्यावर अर्जेंटिनात बांधलेलं, त्यामुळे हे पायलट घरच्याच जहाजांवर सराव करून बसले होते, रडार किती लांबून पकडतं, कुठून पकडत नाही, सगळं पाठ. विकताना कोणाच्या डोक्यात येणार होतं म्हणा.

क्षेपणास्त्र सोडलं की ते आधी नुसतं खाली पडतं, मग मोटर पेटते. पुढे त्याचं त्यालाच जायचं असतं. वाटभर आतली जडत्व यंत्रणा दिशा धरून ठेवते, उंची मोजायला स्वतःचं छोटं रडार, त्यावर ते लाटांच्या वर काही मीटरवर धावत राहतं, आणि शेवटच्या टप्प्यात नाकातलं रडार जागं होऊन जहाज शोधतं. पायलटचं काम सोडल्याबरोबर संपलं, तो मागे वळून घरी. वेग आवाजाच्या किंचित खाली, म्हणजे तीस-चाळीस किलोमीटरवरून सोडलं तर दोन मिनिटांच्या आसपास सगळा खेळ. आपल्याला चहात साखर ढवळायला तेवढा वेळ लागतो. शेजारच्या ग्लासगो जहाजानं धोका ओळखून ओरडून सांगितलं होतं, पण शेफील्ड त्यावेळी उपग्रहावरून बोलत होतं आणि त्या ट्रान्समिशनमुळे शत्रूचं रडार ओळखणारं त्यांचं यंत्र आंधळं झालं होतं. रडारला फसवायला हवेत उडवायची ती चंदेरी पट्ट्यांची चाफसुद्धा उडवली नाही. एक क्षेपणास्त्र उजव्या बाजूला घुसलं, दुसरं चुकून समुद्रात गेलं. २० माणसं गेली. आग विझवायच्या पाण्याची मुख्य लाइनच फुटली, त्यामुळे जहाज जळत राहिलं आणि ओढून नेताना १० मे ला बुडालं. दुसऱ्या महायुद्धानंतर लढाईत गेलेलं ब्रिटिश नौदलाचं पहिलं जहाज. स्फोटकाचा भाग फुटला की नुसत्या उरलेल्या इंधनानंच आग लावली ह्यावर वर्षानुवर्षं वाद चालला, तेव्हाच्या चौकशीत फुटला नाही म्हणाले आणि २०१५ मध्ये परत तपासून फुटला असं सांगितलं.

आता ह्या पार्श्वभूमीवर किटमधली सगळ्यात मोठी चूक ऐका. असेंब्लीच्या कागदावर दोन एक्झोसेट दाखवलीत. दोन्ही पंखांखाली एकेक. डब्यावरच्या चित्रातही तसंच. अहो एकूण पाच होती, दोन दोन कुठं लावताय! खरं लोडिंग वाकडं होतं, उजव्या पंखाखाली एक्झोसेट आणि डाव्या पंखाखाली ११०० लिटरची इंधनाची टाकी. टाकी किटमध्ये आहे, दोन आहेत उलट, पण कागदावर त्या फ्रेंच नौदलाच्या मार्किंगसोबत दाखवल्यात. ज्याला माहिती नाही तो बिचारा सरळ कागद बघून दोन क्षेपणास्त्रं चिकटवणार, फोटो टाकणार आणि मग जाणकार मंडळी त्याची सालटी काढणार. मी स्वतः असल्या कमेंट खाल्ल्यात, म्हणून सांगतो.

हे वाकडं लोडिंग सगळ्यात आधी माझ्या सासऱ्यांना खटकलं. माझगाव डॉकमधून फिटर म्हणून रिटायर झालेला माणूस, कुठलीही गोष्ट हातात घेतली की पहिल्यांदा तोल बघणार. विमान उचललं, उलटं केलं आणि म्हणाले, "जावईबापू, हे एका अंगाला कललं नाही का?" मी म्हणलं, "बाबा, डाव्या बाजूला इंधन, उजव्या बाजूला क्षेपणास्त्र, जाताना चालतं, पण ते सोडलं की एका अंगाची पावणेसातशे किलो एका क्षणात गेली ना." त्यावर ते बराच वेळ ते विमान बघत बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे वाकड्या तोलानंच घरी यायचं, तेही समुद्रावरून." मी इतके दिवस लांबी, पंख, रंग करत बसलोय आणि पायलटच्या बाजूनं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

आणि बाबांना एक्झोसेट नवीन नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी जातीच्या पाणबुड्यांवर एक्झोसेटच असतं, त्याचं पाण्याखालून सोडायचं रूप, एसएम-३९. मार्च २०१७ मध्ये कलवरीनं त्याची चाचणी घेतली होती. एकाच घरातली भावंडं, एक विमानातून उडी मारतं, एक पाण्यातून वर येतं. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थच उडणारा मासा, तर पाणबुडीवालं रूप नावाला जास्त जागतं म्हणायचं.

पण आमच्या घरात ह्या मॉडेलला खरा मान मिळाला तो २५ मे च्या गोष्टीमुळे. त्या दिवशी परत दोन सुपर एतांदार निघाली, कुरिलोविच आणि बारासा, शोधात होती ब्रिटिश विमानवाहू जहाजं. दोन होती तिथं, इन्व्हिन्सिबल आणि हर्मीस. दोन्ही क्षेपणास्त्रं सोडली, पण ह्यावेळी ताफा जागा होता, युद्धनौकांनी चाफचे ढग उडवले, क्षेपणास्त्रं त्यातून फसून पुढे गेली आणि पलीकडे अटलांटिक कन्व्हेयर नावाचं कंटेनरचं जहाज होतं, त्याच्याकडे चाफबिफ काही नाही, त्यावर जाऊन आदळली. १२ जण गेले, जहाजाचा कप्तानसुद्धा. आत चिनूक आणि वेसेक्स हेलिकॉप्टरं होती, ती जळाली, चारातलं एकच चिनूक हवेत होतं म्हणून वाचलं, आणि मग ज्या सैन्यानं हेलिकॉप्टरनं जायचं ते पाठीवर ओझी घेऊन चिखलातून बेटभर पायी गेलं. आता हर्मीस म्हणजे कोण? आपली विराट! हीच ती, १९८७ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली आणि मग तीस वर्षं मुंबईच्या पाण्यात दिसत राहिली. बाबांनी किती वेळा बघितली असेल देव जाणे. मी सांगितल्यावर एकदम म्हणाले, "म्हणजे हे पोरगं आपल्या विराटच्या मागावर होतं!" आणि पासष्ट मिलिमीटरच्या त्या काडीकडे असे बघायला लागले की जणू शेजारच्या टारगट पोरानं काच फोडलीये.

विराटचा विषय निघालाच आहे तर, २०१८ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं ती सिंधुदुर्गात निवतीला नेऊन म्युझियम करायचं मंजूर केलं होतं, आठशे बावन्न कोटींची योजना. झालं काही नाही, २०२० मध्ये अलंगला ओढून नेली आणि तोडली. क्षेपणास्त्रांतून वाचलेलं जहाज फायलीत बुडालं. असो, किटवर येतो.

तिसरा हल्ला ३० मे चा, शेवटचं पाचवं एक्झोसेट, सोबत स्कायहॉक विमानं, त्यातली दोन पडली. अर्जेंटिनावाले आजही म्हणतात इन्व्हिन्सिबलला लागलं, ब्रिटिश म्हणतात काहीही लागलं नाही. मॉडेलवाल्यांच्या ग्रुपमध्ये हा विषय काढू नका, रात्र जाते. मला विचाराल तर ते जहाज नंतर धडधाकट घरी पोचलंय, एवढं पुरे.

रंगाबद्दल. वर निळसर गडद करडा, पोट पांढरं. कागदावर रंगांचे नंबर एकाच परदेशी ब्रँडचे दिलेत, इथं मिळत नाहीत, मी आपल्याकडे मिळणाऱ्या अॅक्रिलिकमधून काळा, निळा, पांढरा असं मिसळून जुळवला आणि एक बाटली भरून ठेवली, कारण परत तोच रंग जुळवणं म्हणजे आईच्या हातची आमटी परत करणं. पांढरा आधी मारा, मास्किंग टेप लावा, मग करडा, उलटं केलंत तर पांढऱ्याचे पाच हात मारत बसाल. आणि कळकळीची विनंती, पावसाळ्यात मॅट कोट, म्हणजे बिनचमकीच्या वार्निशचा शेवटचा हात, मारू नका. मी जुलैत डोंबिवलीत खिडकी उघडी ठेवून मारला, दमट हवेत वार्निशवर पांढरी साय धरली, अख्खं विमान पिठाच्या डब्यात पडल्यासारखं. परत ग्लॉस मारून ते कसंबसं गेलं. दिवाळीपर्यंत थांबा, घाई कसली आहे, युद्ध चाळीस वर्षांपूर्वी संपलंय.

डेकल मात्र फर्स्ट क्लास. पातळ, कोमट पाण्यात अर्ध्या मिनिटात सुटतात, पंखावरचे नांगर आणि बॉडीवरचं आर्मादा (स्पॅनिशमध्ये नौदल) बघून जीव सुखावतो. शीटवर २०२ आणि २०३ असे दोन्ही नंबर आहेत, म्हणजे ४ मे ची जोडी करायची तर दोन किट लागतील, कंपनीची हुशारी म्हणायची. क्षेपणास्त्रासाठी मात्र एकसुद्धा डेकल नाही. एक पट्टी नाही, एक अक्षर नाही. मी कशीबशी जुन्या उरलेल्या शीटमधून दोन बारीक रेघा कापून लावल्या.

कुरिअरचं पण सांगून टाकतो. पहिला डबा आला त्यात कॅनोपीला तडा, कोणीतरी त्यावर बसलं असावं असा डब्याचा आकार. दुकानदाराला फोटो पाठवला, त्यानं चार दिवसांत दुसरी कॅनोपी पाठवली, पैसे नाही, वाद नाही. त्याला माझ्याकडून पाचपैकी पाच. कुरिअरवाल्याला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा.

किटला मी साडेतीन देईन. विमानाला चार, डेकलला पाच, कागदाला एक, एक्झोसेटला दीड, आणि तो दीडही केवळ ते डब्यात होतं म्हणून. पहिलाच किट करणार असाल तर नका घेऊ, हवेची तोंडं आणि क्षेपणास्त्राचा सांधा रडवतील. चार-पाच किट हातून गेले असतील, पुट्टीची भीती गेली असेल तर जरूर घ्या, पण जमलं तर रेझिनचं सुटं एएम-३९ वेगळं मागवा, माझ्या गेल्या तशा दोन संध्याकाळी वाचतील तेवढ्या पैशात. आणि काही करा पण एकच लावा, उजव्या बाजूला.

ह्यामुळे माझ्याकडे एक एक्झोसेट शिल्लक राहिलंय. आता २६ राफेल-एम लढाऊ विमानं आपल्या नौदलासाठी घेतायत, करार एप्रिल २०२५ ला झालाय, आणि फ्रेंच नौदलाचं राफेल-एम हेच एक्झोसेट वाहतं, तर तो किट आणून त्याच्या पोटाखाली हे लावावं असा विचार आहे. बाबांना बोललो तर म्हणाले आधी त्याचे पंख नीट काप, मागच्या वेळी एक वाकडा बसलाय, शेपटीचा, डावीकडचा. भिंग घेऊन बघितलं. बसलाय खरा.